गोड्या विहिरीची वांगी

स्वयंपाकिणीनं स्वयंपाक चाखायचा नसतो, हे आधी सांगून ठेवते, नाही तर पुढचं काही तुमच्या ध्यानात यायचं नाही. हल्लीच्या मुली कढईत पळी घालतात, तोंडाला लावतात आणि तीच पळी पुन्हा कढईत. आमच्या वेळी असं केलं असतं तर उभ्या उभ्या घराबाहेर काढलं असतं. अन्न आधी देवाला, मग पंगतीला. पंगत उठली, उष्टी निघाली, शेणगोळा फिरला, की मग स्वयंपाकिणीला. त्यात मी सोवळी विधवा, म्हणजे दिवसातून एकदाच जेवणारी. तेव्हा आपल्या हातच्या आमटीची चव आपल्याला कळायची ती सगळ्यात शेवटी, गार झाल्यावर, आणि बिघडली असेल तर तोवर बोलणी खाऊन झालेली असायची.

मग मीठ कसं घालायचं, असं पुष्कळ जणी विचारतात. हातानं घालायचं. मुठीला कळतं. आमटीत मीठ कमी असलं की उकळीचा वासच निराळा येतो. लोक हसतात. हसोत बापडे, मी जन्मभर याच नाकावर नोकरी केली.

माझ्या भाचीचे यजमान सणाचा अंक काढतात. ते म्हणाले, मावशी, कापसाच्या तेजीत तुम्ही वऱ्हाडात होता, तेव्हाचं सांगा, मी लिहून घेतो. त्यांना वाटलं असेल, बैलांच्या शिंगांना चांदी कशी मढवत होते ते मी सांगेन. ते मीही ऐकलं, थोडं डोळ्यांनी पाहिलंही. पण मी चुलीपुढची बाई, मी सांगणार ते भाजीचं.

मी मूळची वाईकडची. नवरा गेला तेव्हा लहान होते, मूलबाळ नव्हतं. दिराच्या घरी राहिले. तिथं मी खाते ते सगळ्यांना दिसे, करते ते कुणाला दिसत नसे. तशात ओळखीतून आबासाहेबांचा निरोप आला. आबासाहेब म्हणजे मुंबईच्या एका पेढीचे वऱ्हाडातले मुखत्यार. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिथला कापूस विलायतेला पोचेना, म्हणून विलायतेच्या गिरण्यांची सगळी भूक वऱ्हाडावर आली होती. गावोगावचा कापूस विकत घ्यायचा आणि मुंबईला धाडायचा, हे आबासाहेबांचं काम. बायकामुलं मुंबईला ठेवलेली. त्यांना आणि त्यांच्या कारकुनांना दोन वेळ जेवू घालायला बाई हवी होती. दिराला मी विचारलं नाही, नुसतं सांगितलं. तोही अडवायला आला नाही.

पहिला मुक्काम उमरावतीला, म्हणजे तुमच्या अमरावतीला. काय सांगू त्या गावाची धांदल! जो भेटेल तो कापसाचं बोले. माझ्या पंगतीला एक दलाल येऊन बसायचा, तो भाव सांगता सांगता इतका रंगायचा की आमटी म्हणून ताक भातावर ओतून घ्यायचा आणि तसाच जेवून उठायचा. त्याला मी काय वाढलं ते त्याच्या देवाला ठाऊक. एक कारकून कोकणातला. ताटात ज्वारीची भाकरी दिसली की मान फिरवून बसायचा. घरून आलेली आमसुलं उशाशी घेऊन निजायचा आणि मी मागितली तर मोजून द्यायचा. असली ही माणसं. घर सोडून आलेली, पैशाच्या मागे लागलेली, आणि जेवताना कुणाचं लक्ष ताटात नाही. मी दाराआड उभी राहून कोणाला काय हवं ते बघायची. माझ्याशी कुणी बोलायचं नाही. "भात", "तूप", "पुरे", एवढेच शब्द मला सबंध दिवसात ऐकू यायचे. कधी कधी मी भांड्यांशी बोलायची, खोटं कशाला सांगू.

आबासाहेबांचा एक दंडक होता. इथलं काही खाण्यासारखं नाही, सगळं मुंबईहून येईल. त्याप्रमाणे तांदूळ, डाळ, बटाटे, सुरण, कोहळे, सगळं गाड्यांवर लादून यायचं. वाटेत इतके दिवस जायचे की बटाट्यांना मोड आणि सुरणाला बुरशी. तुरीच्या डाळीत पोरकिडे. आता वाटतं, ती डाळ मुळात वऱ्हाडातलीच असेल, मुंबईची यात्रा करून परत यायची. पण मलाही तेव्हा तेच खरं वाटायचं. या काळ्या, चिकट मातीत माणसाच्या जिभेजोगं काय उगवणार? आणि उगवायला जागा तरी कुठं होती? जो तो कापूस लावी. भाजीच्या वाफ्यात कापूस, बांधावर कापूस, परसात कापूस. ज्वारीसुद्धा बाहेरून आणून खायची पाळी लोकांवर आली होती.

पुढं आगगाडी अकोल्यापर्यंत येणार अशी हाकाटी झाली, तेव्हा आबासाहेबांनी बाडबिस्तरा अकोल्याला हलवला. मोर्णा नदीच्या अंगाला भाड्याचं घर घेतलं. पोचलो आणि दोन दिवसांत गावातल्या बड्या व्यापाऱ्यांना जेवायला बोलावलं. मी मन लावून स्वयंपाक केला, मुठीनं मीठ घातलं, रीतीप्रमाणे काही चाखलं नाही. पंगत बसली. पहिला घास घेतला आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आमटी म्हणजे नुसतं मिठवणी. भाजी तशीच. डाळ इतकी कच्ची की दाताखाली वाजत होती.

झालं होतं असं, की त्या बाजूच्या विहिरींचं पाणीच खारं. ते मला कोण सांगणार? चाखणारी बाई असती तर तिला पहिल्या उकळीला कळलं असतं. मी हाताच्या सवयीनं मीठ घातलं आणि पाण्याचं मीठ त्यात वर पडलं. डाळ तर खाऱ्या पाण्यात जन्मात शिजायची नाही, किती लाकडं जाळा. पाहुणे दहीभात खाऊन उठले. आबासाहेब हात धुताना नुसते दाराकडे बघून गेले. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी ते डाळीचं तपेलं उचललं आणि मागचं दार उघडून गाईपुढं टाकायला गेले. मागच्या दाराला लागून एक वाडी होती, म्हणजे भाजीचा मळा. चहूकडे कापूस असताना हा हिरवा तुकडा तेवढा शिल्लक. तिथं एक म्हातारीशी माळीण खुरपत बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, तपेल्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, हे पानी डायीचं नाही. डायीचं पानी माह्या इहिरीत हाय."

तिचं नाव सरूबाई. नवरा मागेच गेलेला, किसन नावाचा मुलगा, सून. ती वाडी आणि ती विहीर नवऱ्याच्या मागं तिच्याकडे आली होती. आसपासच्या सगळ्या विहिरी खाऱ्या आणि हिची तेवढी गोड. देवाची करणी आणि काय. मी तिला म्हटलं, सोवळ्याचं पाणी दुसऱ्याच्या हातचं चालत नाही. ती म्हणाली, मग तू स्वतः ओढ, मी काय तुझा दोर धरते आहे? वऱ्हाडी बोलणं असंच, पहिल्याच भेटीत अगं-तुगं. मला आधी राग आला. मग ध्यानात आलं, की घर सोडल्यापासून मला कुणी 'तू' म्हटलंच नव्हतं.

तेव्हापासून रोज उजाडता उजाडता मी ओलेत्यानं तिच्या विहिरीवर जायची. मी सोवळ्यात, म्हणून ती लांब वांग्यांच्या ओळीपलीकडे उभी राहायची, आणि तिथून आमचं बोलणं चालायचं. कडाक्याची थंडी असली तरी मी घागर सावकाश भरायची. ती तिच्या सुनेच्या कागाळ्या सांगायची, मी दिराच्या. तिकडच्या बायका स्वतःलाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात, ते ऐकून मला हसू यायचं. माझं हसणं तिनंच पहिल्यांदा ऐकलं त्या मुलुखात.

पावसाळ्यात काळ्या मातीचा असा राबडा झाला की मुंबईच्या गाड्या वाटेतच रुतल्या. घरात बटाटा नाही, कोहळा नाही. मग आबासाहेबांचा दंडक मोडून मी सरूबाईकडून भाजी घ्यायला लागले. त्यांना मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. अंबाडी, दोडके, भेंडी. पंगत उठायला उशीर व्हायला लागला. कोकणातला कारकून पुन्हा पुन्हा भाजी मागायला लागला. मला वाटलं, थंडीवाऱ्यानं भूक लागत असेल.

खरं कळलं ते वांगेसटीला. आमच्याकडे चातुर्मासात वांगं वर्ज्य, ते थेट मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीपर्यंत, म्हणून त्या दिवसाला वांगेसट म्हणतात. त्या सकाळी सरूबाईनं दवानं भिजलेली हिरवी, काटेरी वांगी तोडली. चुलीत पऱ्हाट्या होत्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर राहणारी वाळकी झुडपं. त्यांच्या धगीवर वांगी भाजली, ठेचली, हिरवी मिरची, कोथिंबीर, वरून तेलाची फोडणी. देवाला दाखवलं, पंगत झाली. दुपार कलली तेव्हा मी ज्वारीची भाकरी घेऊन एकटी बसले आणि पहिला घास घेतला.

वांगं गोड होतं. वांगं गोड असतं हे मला तोवर माहीतच नव्हतं! माझ्या लेखी वांगं म्हणजे मसाला भरायची पिशवी. याच्यात बियांचा तुरटपणा नाही, सालीचा धूर जिभेवर राहतोय, आणि मागून तो गोडवा येतोय. भाकरीसुद्धा दुधाळ लागत होती. मी विधवा झाल्यापासून अन्न पोटात ढकलत आले होते. त्या दिवशी मी दुसरी भाकरी घेतली. आणि मग मला रडू आलं, ते अशासाठी की इतकं चांगलं लागतंय हे सांगायला समोर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी सरूबाईला सांगितलं, तुझं वांगं गोड आहे. ती म्हणाली, असेल बाई, मी तर किडकी खाते, चांगली विकायला. मला इतकं वाईट वाटलं. आणि त्यानंतर तिनं काय सुरू केलं, रोज सकाळी एका पानावर माझ्या एकटीपुरती कोवळी भाजी निराळी काढून विहिरीच्या पायरीवर ठेवायला लागली. ओल्या तुरीचे दाणे, कोवळा पालेदार हरभरा, कधी नुसती मुठीएवढी कोथिंबीर. मी रोज तिला चव कशी होती ते सांगायची. ती खुरपं थांबवून ऐकायची. आपण जन्मभर काय पिकवलं ते तिला माझ्या तोंडून कळत होतं.

धंद्यातली एक गोष्ट सांगते, ती लिहून ठेवा. मसाला, तेल, हाताचा गुण, हे सगळं नंतरचं. भाजी देठापासून तुटली की तिची चव निघून जायला लागते. तोडणं आणि चूल यांच्यात जितकं अंतर कमी, तितकी स्वयंपाकीण हुशार ठरते. माझं सगळं नाव त्या मागच्या दारामुळे झालं. अकोल्यात लोक म्हणायला लागले, जेवावं तर आबासाहेबांकडे. मला त्याचा थोडा तोरा चढला होता, नाही असं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक इंजनवाला पारशी आला. कापसाच्या गासड्या दाबायला पेढी वाफेचा प्रेस उभारणार होती, त्याची जागा बघायला. गोल अंगाचा, हसरा माणूस. आमच्या पंगतीत त्याला बसता येत नव्हतं, म्हणून बाहेरच्या ओट्यावर पत्रावळ मांडून दिली. तो मात्र मन लावून जेवला. इतक्या वर्षांत पहिला माणूस बघितला मी, जो घास तोंडात घोळवून विचार करत होता. आमटीची वाटी तिसऱ्यांदा घेतली आणि आबासाहेबांना विचारलं, इकडे सगळीकडे डाळ कचकच लागते, मग ही लोण्यासारखी कशी शिजली?

आबासाहेब उठून माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी आले. असे ते कधी येत नसत. म्हणाले, "यमुनाबाई, पाहुण्यांनी तुमच्या आमटीची तारीफ केली. कसली युक्ती करता?"

मला कुणी काही विचारतंय, माझ्या कामाबद्दल विचारतंय! मी दाराआडून बोलत सुटले. युक्ती कसली, पाणी आहे. मागच्या सरू माळणीची विहीर गोड आहे, उन्हाळ्यातही आटत नाही, भाजीही तिच्याच वाडीतली, म्हणून तर चव. किती बोलले मी! पारशी हात पुसत ऐकत होता. मग त्यानं आबासाहेबांना समजावलं की वाफेच्या इंजनाला बाकी काही चालेल, खारं पाणी चालणार नाही. आत लोखंडाला खाराचं पुट बसतं आणि इंजन वाया जातं. मला ते पटकन समजलं, कारण आमच्या पाणी तापवायच्या तपेल्यालाही खाऱ्या विहिरीच्या पाण्यानं तसंच पांढरं पुट धरायचं. आता यांना सरूबाईची विहीर हवी होणार, हेही समजलं. पण शब्द तोंडातून गेला होता.

पेढीनं वाडी आणि विहीर मागितली. देऊ केलेल्या पैशाचा आकडा मी विचारला नाही, पण किसन रात्रंदिवस आईच्या मागे लागला एवढं ठाऊक आहे. त्याला गाड्या घ्यायच्या होत्या, कापूस वाहायच्या. सगळं गाव सोनं लुटतंय आणि आपण दोडके विकतो, हे त्याला सलत होतं. सरूबाई हो म्हणेना आणि तिच्या अंगठ्याशिवाय व्यवहार होईना.

मग एक दिवस आबासाहेब पुन्हा दाराशी आले. या वेळी आवाज आणखी गोड होता. म्हणाले, ती माळीण तुमचं ऐकते, दोन शब्द सांगून बघा. प्रेस झाला की कारभार वाढेल, मग मुंबईहून आचारी आणावा असं पेढीचं म्हणणं आहे. अर्थात तुम्ही आपलंच माणूस आहात, तुमचं काय ते मी बघेन. तुमच्यावरच आहे सगळं.

साखरेत घोळलेली असली तरी मला धमकी ओळखू येते. सरूबाईचं मन वळवलं तर चूल माझी, नाही तर परत दिराच्या दारात. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दिराचं घर डोळ्यापुढं आलं, ती कोपऱ्यातली अंधारी बाळंतिणीची खोली, जिथं मला निजायला सांगत. पण विहिरीच्या पायरीवर ठेवलेलं ते पानही डोळ्यापुढं येत होतं. सकाळी मी घागर घेऊन गेले, ती वांग्यांपलीकडे होतीच.

मी म्हटलं, "सरूबाई, विहीर देऊ नकोस."

तिनं तण उपटलं, झटकलं, बाजूला टाकलं. "तुले कोनं सांगतलं असं बोलाले?"

"कुणी नाही. मी सांगतेय."

"बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा खुरपायला लागली. मी आबासाहेबांना जाऊन सांगितलं की बाई ऐकत नाही. मी ट्रंक आवरून ठेवली.

आणि आठवडा झाला नसेल, तोच एक दिवस किसन पेढे घेऊन पुढच्या दारानं आला. आईनं अंगठा दिला होता. मला तर खरंच वाटेना. मी मागचं दार उघडलं, तर माणसं वाडीत दोऱ्या धरून उभी. वांग्यांवरून चालत होती. सरूबाई कुठं दिसली नाही.

मला तिचा इतका राग आला. मी माझी भाकरी पणाला लावून बोलले, आणि हिनं पैसा बघितला! म्हटलं, जाऊ दे, या गावात सगळे एका माळेचे मणी. ती नंतर एकदा मोर्णेच्या वाटेवर दिसली, मला हाक मारली, मी ऐकलं नाही असं केलं. माझी नोकरी राहिली. मुंबईचा आचारी आलाच नाही. वाडीच्या जागी भिंत उभी राहिली, मागच्या दारापुढं एक बोळ तेवढा उरला. विहीर भिंतीआड गेली. पाणी मात्र रोज मिळायचं, पेढीचा ब्राह्मण पाणक्या दोन घागरी आणून घालायचा. डाळ अगदी लोण्यासारखी शिजायची. भाजी बाजारातली. परगावाहून आलेली, दोन दोन दिवसांची, पाणी मारमारून हिरवी ठेवलेली. पंगत पुन्हा लवकर उठायला लागली. आणि मी सकाळी उठून कुठं जायचं ते मला कळेना. नुसती चुलीपुढं बसून उजाडायची वाट बघायची. भांड्यांशीसुद्धा बोलावंसं वाटायचं नाही.

एक दिवस मागच्या दारावर थाप पडली. उघडलं तर बोळात सरूबाई, डोक्यावर टोपली. बरीच वाळली होती. टोपली खाली ठेवून तिनं वरचं फडकं काढलं. आत वांगी होती. साली सुरकुतलेल्या, देठ काळे पडलेले. ही तिची नव्हेत, हे आंधळ्यालाही कळलं असतं. ती बाजारातून विकत आणलेली वांगी मला विकायला आली होती. मी भाव विचारला, घासाघीस केली नाही, घेतली. तसली वांगी पंगतीला वाढली असती तर माझी शोभा झाली असती, म्हणून मी ती बाजूला ठेवली आणि माझ्यापुरती केली. तुरट, चामट. सगळी संपवली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. टोपली उतरवायच्या आधी विचारलं, "कशे झाले होते?"

"छान झाली होती," मी म्हटलं.

"खोटं बोलतं तू. मले का समजत नाही? मी जनमभर वांगे लावले."

मग माझा धीर सुटला. इतक्या दिवसांचा राग बाहेर आला. मी म्हटलं, मग का दिलीस गं वाडी? मी तुला नको म्हणून सांगितलं होतं. तुला पैसा एवढा गोड लागला?

ती उंबऱ्याच्या पलीकडे खाली बसली. रागावली नाही. म्हणाली, "किसन्यानं सांगतलं, पेढीवर बोलून राहिले होते. सैपाकाची बाई ऐकत नाही तं तिले काढून टाका, म्हने. वाडी गेली तं मले किसन्या पोसन. तुले कोन पोसन? तुले कुठी जागा हाय?"

मी उंबऱ्याच्या अलीकडे सोवळ्यात उभी, ती पलीकडे बसलेली, आणि मला तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटत होतं आणि शिवायची सोय नव्हती. माझी भाकरी राखायला त्या बाईनं आपली विहीर दिली, आणि मी वाटेत तिला ओळख दिली नव्हती. मी रडत राहिले. तिनं मला रडू दिलं.

डोळे पुसून मी म्हटलं, "उद्या भाजी नको आणूस. कशाला पैसे घालवतेस? नुसती ये."

"नुसती कशी येऊ?" ती म्हणाली. "टोपलं घेतल्याबिगर माळीन बामनाच्या दारात उभी राह्यली, तं लोक इचारतीन ना, काहून आली म्हनून."

खरंच होतं तिचं. आम्हा दोघींना एकमेकींकडे यायला दुसरं कारण जगात नव्हतं. वाडी होती तोवर ते कारण आपोआप मिळत होतं, आता ते पैसे देऊन आणावं लागत होतं. तिनं टोपली माझ्यापुढं सरकवली. मी दोन दोडके घेतले, वाळलेले.

त्यानंतर तिचे पाय चालत होते तोवर ती रोज सकाळी बाजारात जाऊन शिळी भाजी विकत घ्यायची, आणि मी तिच्याकडून विकत घ्यायची. त्या भाजीला चव म्हणाल तर कसली नव्हती. मी मात्र कधी ताटात टाकली नाही.